तू बॅकला थांब बे

सोलापूरच्या होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे नसले की संध्याकाळी पोरं फुटबॉल काढतात. संघ पाडताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘तू बॅकला थांब बे.’ ज्याला पळायला जमत नाही आणि चेंडूही ज्याच्या मालकीचा नाही, त्याच्या वाट्याला ही जागा. त्याचं नाव निघतं ते गोल बसल्यावरच.

गोव्याच्या महेश गवळींनी हीच जागा वर्षानुवर्षं राखली. २००३ मध्ये ईस्ट बंगालने जकार्तात आसियान चषक जिंकला, त्या बचावफळीत ते होते. धेंपो क्लबच्या लीग विजेत्या संघांतही होते. बूट उतरवल्यावर प्रशिक्षक झाले आणि भारतीय संघात सहायक. म्हणजे पुन्हा मागेच.

२०२३ चा सॅफ चषक आठवतो? बंगळूरच्या कंठीरवा मैदानावर पाकिस्तानचा खेळाडू थ्रो घेत होता. भारताचे मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनी त्याच्या हातातला चेंडूच उडवला. लाल कार्ड. कुवेतविरुद्धच्या साखळी सामन्यात दुसरं. (स्टिमाचही मूळचे बचावपटूच, १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचे. पण बॅकचा संयम बाकावर टिकतोच असं नाही.) स्टिमाच यांच्यावर बंदी आली आणि उपांत्य व अंतिम सामना गवळींच्या गळ्यात पडला. लेबनॉन पेनल्टीवर ४-२ गारद. ४ जुलैला कुवेतने चौदाव्या मिनिटालाच गोल चढवला, भारताच्या छांगतेने तो फेडला आणि पेनल्टींच्या सडन डेथमध्ये गोलरक्षक गुरप्रीतने शेवटचा फटका अडवला. ५-४.

चषक जमा झाला स्टिमाच यांच्या खात्यात. नियमाने ते बरोबरच. आमची तक्रार सवयीबद्दल आहे. २०१२ मध्ये गोव्याचेच सावियो मडेरा भारताच्या प्रशिक्षकपदावरून गेले. त्यानंतर डच झाले, इंग्रज झाले, क्रोएशियन आणि स्पॅनिशही झाले. मालक गावाला गेला की दुकान सांभाळायला मात्र घरचा माणूस चालत होता. मुंबईच्या खालिद जमील यांनी २०१७ मध्येच ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली होती. भारतीय संघ त्यांच्या हाती आला २०२५ च्या ऑगस्टमध्ये.

जमील यांचा पहिलाच सामना ताजिकिस्तानशी, त्या देशाच्याच हिसोर शहरात. भारत २-१ जिंकला. पहिला गोल अन्वर अलीचा, दुसरा संदेश झिंगनचा. दोघेही बॅकचे.