दीड दिवसाचं तंजावर

तंजावरच्या देवळात मराठी माणूस लांबून ओळखू येतो. बाकीचे लोक मान मोडेस्तोवर वर कळसाकडे बघत असतात, तेव्हा हा कळसाकडे पाठ करून आवाराचा नैऋत्य कोपरा शोधत असतो. ‘आपला शिलालेख कुठं आहे हो?’ मीही तेच केलं. चपला ठेवल्या, बिल्ला खिशात टाकला आणि हजार वर्षांचं देऊळ ओलांडून थेट कोपऱ्यातल्या भिंतीपाशी गेलो.

शिलालेख आहेच तसा. दुसऱ्या सरफोजी राजांच्या पदरच्या बाबूरायानं लिहिलेला भोसले कुळाचा हा इतिहास १८०३ साली दगडावर कोरला गेला. अक्षर बाळबोध, रेखीव, आणि मजकूर इतका की एका जागी उभं राहून नजरेत मावत नाही. चार ओळी लावेपर्यंत मागचा माणूस खाकरतो, कारण त्याला फोटो काढायचा असतो. कुणीतरी जयघोष करतं, बाकीचे ‘जय’ म्हणतात. वीस मिनिटांत दर्शन आटोपतं आणि परतताना बसमध्ये एकच वाक्य फिरत राहतं, ‘कुठपर्यंत होतो बघा आपण!’

होतो ना. व्यंकोजी राजांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतलं, ते १८५५ पर्यंत भोसल्यांकडे राहिलं. अभिमान बाळगावाच, पण ज्यांचा बाळगायचा ते इथं एवढी वर्षं काय करत होते, हे तरी बघावं. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजी राजे तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंध’ लिहीत होते. त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकमेकींशी बोलतात. सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. तिथं मोडीची बाडं आहेत तशा ताडपत्राच्या पोथ्याही आहेत, आणि राजांनी जमवलेली युरोपातली पुस्तकंही. आज भरतनाट्यम शिकणारी मुलगी ज्या क्रमानं मार्गम् नाचते, तो क्रम बसवणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ याच सरफोजींच्या दरबारातले. राज्य करायला आलेला माणूस दोन पिढ्यांत तिथली भाषा लिहू लागला. आम्ही गूगल मॅप हातात धरून आलो आणि दीड दिवसात ‘नन्री’, म्हणजे धन्यवाद, एवढा एक शब्दही उचलला नाही.

बाकी ज्ञान म्हणजे सांबार संभाजी राजांच्या नावावरून आलं, हे. त्याला कागदोपत्री पुरावा कुणी दाखवलेला नाही. पण पुराव्यावाचून ज्याचं अडत नाही असा इतिहास आपल्याला फार रुचतो.

तसाच तो सावलीचा किस्सा. विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराची, सावली जमिनीवर पडतच नाही, असं गाईड सांगतो, आणि सगळे ‘वा!’ म्हणतात. दुपारचे चार वाजले होते. आम्ही ऐकत होतो, ते त्याच सावलीत उभं राहून. बाहेरची फरशी पाय ठेववत नाही इतकी तापलेली, म्हणून सगळा गट आपोआप तिथं सरकला होता. मी खाली बोट दाखवलं, तर गाईडनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो.

आणि ज्याला खरोखर ‘वा’ म्हणावं ते बघायला वेळ उरला नाही. दारावरच्या अक्राळविक्राळ द्वारपालाच्या गदेला साप विळखा घालून आहे आणि तो साप एक अख्खा हत्ती गिळतो आहे. हत्ती एवढासा दिसतो, तेव्हा साप केवढा, द्वारपाल केवढा, आणि आत बसलेला तो केवढा! असं गणित शिल्पकारानं बघणाऱ्यावर सोडलं आहे. गटातल्या एकानं त्याच द्वारपालाखाली बॅग ठेवून बिस्किटाचा पुडा फोडला.

रात्री लॉजवर पंख्याखाली पडून, देवळाबाहेर घेतलेली पुस्तिका चाळली. राजराज चोळानं १०१० मध्ये हे देऊळ पुरं केलं आणि त्याचा हिशेब दगडावरच ठेवला. देवळाच्या सेवेला आणलेल्या चारशे नर्तकींची यादी त्यात आहे. कोणत्या गावच्या देवळातून आली, कुठल्या गल्लीत, कुठल्या रांगेत, कितवं घर, आणि वर्षाला प्रत्येकीला शंभर कलम (हे तिकडचं धान्याचं माप) भात. मोठमोठ्या राजांच्या प्रशस्त्या आपण पुष्कळ वाचतो. घर नंबरासकट नाचणारणींची नावं जपणारा राजा मला तरी ठाऊक नव्हता. मुख्य आज्ञेत तो म्हणतो की आम्ही दिलेलं, आमच्या अक्कानं दिलेलं, राण्यांनी दिलेलं आणि इतरांनीही दिलेलं, सगळं दगडावर कोरा. अक्का म्हणजे थोरली बहीण कुंदवै. राण्यांच्या आधी तिचा मान.

अक्का! दिवसभर रिक्षावाला मला ‘अण्णा’ आणि बायकोला ‘अक्का’ म्हणत होता, आणि आम्ही एकमेकांकडे बघून हसत होतो, हा आपल्यासारखं कसं बोलतो म्हणून. आमच्या घरातले अण्णा, अक्का दक्षिणेकडूनच आले असणार हे त्या वेळी डोक्यात आलं नाही. ‘आपलं’ शोधत आम्ही कोपऱ्यापर्यंत पायपीट केली होती, आणि ते मधल्या जोत्यावर तमिळ लिपीत कोरलेलं होतं.

सकाळी सहाची गाडी होती. डब्यात बसल्यावर फोन काढला. मराठी शिलालेखाचे चौदा फोटो निघाले, त्यातले नऊ हललेले. राजराजाच्या लेखाचा मुद्दाम काढलेला एकही नाही. एका फोटोत मात्र मी विमानाच्या जोत्याला टेकून, गॉगल लावून उभा आहे, आणि माझ्या खांद्यामागे दगडावर बारीक अक्षरांच्या ओळी दिसतात. मोठं करून पाहिलं. फोकस माझ्यावर होता.