जीपचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली आणि तिथे मूळ आणि कूळ शोधण्याचाच पगार मिळत असे. सातबारा कुणाचा, बोजा कुणाचा, सही कुणाची, आणि वाहन तारण असेल तर त्याच्या चासीवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळतो का? हे शेवटचे काम करण्याची पद्धत साधी होती. नंबरावरचा चिखल पुसायचा, वर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची. अक्षरे आपोआप उमटतात. तो ठसा फाइलला लावला की अधिकाऱ्याचे कर्तव्य संपले.

निवृत्तीनंतर ही पेन्सिल पुन्हा हातात घ्यावी लागेल असे वाटले नव्हते. गेल्या वैशाखात पावसच्या वाटेवरच्या एका बागायतदार घरातला मुलगा माझ्याकडे आला. घर परिचयाचे, त्याचे आजोबा मी पाहिलेले. म्हणाला, "काका, आमची जीप एकदा बघाल काय? मुंबईहून गिऱ्हाईक आलंय. अस्सल विलीस असली तर बरे पैसे देतो म्हणतो. तुम्ही बँकेतले, दोन ओळी लिहून दिलीत तर त्यांचा विश्वास बसेल."

ही जीप रत्नागिरीत कित्येकांना ठाऊक आहे. एस.टी. जिथे पोचत नव्हती त्या वाड्यांवरून तिने बाळंतिणी आणल्या, आंब्याच्या पेट्या आणल्या, एकदोन नवरदेवही आणले. घरात तिला 'विलीस' म्हणत आणि नोंदणीपुस्तकातही तेच लिहिलेले. आजोबांनी ती युद्धानंतरच्या लिलावातून आलेली म्हणून घेतली, एवढे सगळ्यांना माहीत. मी एकटा काय बघणार? म्हणून राजिवड्याच्या एका वृद्ध मिस्त्रींना बरोबर घेतले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आयुष्यभर जीपखाली पाठ टेकलेला माणूस.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम नावाच्या छोट्या कंपनीने बनवला. पण मोठे कंत्राट मिळाले ते टोलेडोच्या विलीस-ओव्हरलँडला. एका कारखान्याने भागेना, म्हणून विलीसच्याच आराखड्यावर फोर्डनेही त्याच गाड्या बनवायला घेतल्या. दोघांच्या मिळून सहा लाखांहून अधिक जीपा युद्धकाळात बाहेर पडल्या. एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे अशी सैन्याची अट होती. रणांगणावर मोडलेल्या दोन गाड्यांतून एक चालती करायची, हाच त्यातला हेतू. म्हणजे जीपच्या बाबतीत सरमिसळ हा पुढे घडलेला अपघात नव्हे. ती जन्माच्या वेळीच ठरलेली होती.

मग विलीस कोणती आणि फोर्ड कोणती हे ओळखायचे कसे? चाचांनी खाली शिरून पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या बुडाशी असलेला आडवा दुवा खरवडला. विलीसच्या चासीत इथे गोल नळी असते. फोर्डच्या चासीत पालथ्या पन्हळीसारखी पट्टी. जांभ्या मातीचा थर गेला आणि खालून पन्हळ निघाली. मग त्यांनी कमानपाट्याचा एक बोल्ट तारेच्या ब्रशने घासला आणि मला आत बोलावले. बोल्टच्या डोक्यावर एक लहानसा 'एफ' होता. फोर्डला आपल्या मालाचा इतका अभिमान, की बोल्टाबोल्टावर नावाचे पहिले अक्षर मारले. मुलाचा चेहरा उतरला. ज्या गाडीला घराने तीन पिढ्या विलीस म्हटले, तिचा सांगाडा फोर्डचा होता.

पुढचे काम पान्यांनी केले. अमेरिकन गाडीचे नट इंचात असतात. चार सूत म्हणजे अर्ध्या इंचाचा पाना जिथे नीट बसतो, तिथे तेरा मिलिमीटरचा किंचित खुळखुळतो. तीन दशांश मिलिमीटरचा फरक, पण चाचांच्या मनगटाला तो कळतो. चासीवर सगळीकडे सुताचे पाने बसले. इंजिनाशी आलो आणि एकही बसेना; तिथे दहा, तेरा, सतरा असे मिलिमीटरचे पाने लागले. इंजिन डिझेलचे होते. फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्यावर महिंद्रांनी इथे बनवलेले. १९७३ नंतर पेट्रोल भडकले आणि युद्धकाळातले ते साठ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पोसणे कुणालाच परवडेना. कोकणातल्या किती जीपांची हृदये त्या काळात बदलली याची गणती नाही.

बॉनेट पाहा. ते उंच होते, आणि जाळीला सात खाचा. युद्धातल्या जीपचे बॉनेट बुटके आणि पत्र्याच्या जाळीला नऊ खाचा असत. १९५३ मध्ये विलीसने उंच इंजिनाची नागरी जीप काढली, तिच्यासाठी बॉनेट उंच करावे लागले; महिंद्रांनी पुढे तीच जीप कितीतरी वर्षे भारतात बनवली. म्हणजे आमच्या गाडीचा मुखडा त्या घराण्यातला. सुकाणू उजवीकडे होते; पण चासीच्या डाव्या पट्टीवर वेल्डिंगचे व्रण आणि बुजवलेली भोके होती. अमेरिकन सैन्याची गाडी डाव्या हाताची, ती इथे येऊन उजव्या हाताची झाली, त्याची ही खूण. अंगावरचा पत्रा रत्नागिरीतच ठोकलेला आणि मागची बाकडी फणसाच्या लाकडाची.

सर्वांत मौज मागच्या आसात आली. चाचांनी मागची दोन्ही चाके उचलली, चाकावर आणि मधल्या दांड्यावर खडूने रेघ मारली. चाके एक फेरा फिरली तेव्हा दांडा पाच फेरे आणि वर तीन अष्टमांश फिरला. युद्धातल्या जीपचा हा आकडा चार आणि सात अष्टमांश. पाच आणि तीन अष्टमांश हा नागरी जीपचा. मागचा आस पुढे कधीतरी दुसऱ्या गाडीतून आला होता तर. पुढचा मोजला तर तो मूळचाच, चार आणि सात अष्टमांशांचा. पुढचा आणि मागचा आकडा जुळत नसेल तर चारही चाकांना जोर लावताच दोन्ही आस एकमेकांशी भांडू लागतात. मुलगा एकदम म्हणाला, "म्हणूनच पुढचा दांडा गोठ्यात पडलाय! आजोबा म्हणायचे, तो लावू नका, गाडी अडते." घरात आज्ञा राहिली होती, कारण विसरले गेले होते. ते त्या दिवशी सापडले.

मुंबईच्या गिऱ्हाइकाच्या माणसाला हे सांगितले तेव्हा तो हसला. म्हणाला, "त्यात काय? विलीसची नवी पाटी मिळते, ती डॅशबोर्डवर बसवू. नंबर पुन्हा मारून घेऊ. कागद विलीसचेच आहेत. तुम्ही फक्त लिहून द्या."

मी नाही म्हटले. त्यामागे तत्त्वापेक्षा एक आठवण होती. १९८७ मध्ये एका शाखेत असताना मी एका जीपचा तपासणी अहवाल सही करून दिला होता. पाऊस होता, खाली शिरायचा कंटाळा केला. ठसा दुसऱ्याने आणून दिला, तो मी फाइलला लावला. पुढे त्याच नंबराची आणखी एक गाडी निघाली. कर्जदार प्रामाणिक होता, हप्ता चुकवत नव्हता. पण जीप जप्त होऊन पोलीस ठाण्याच्या आवारात दोन पावसाळे उभी राहिली. सुटली तेव्हा तिच्यात चालण्यासारखे काही उरले नव्हते. तो माणूस नंतर दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झाला. मला एका शब्दाने बोलला नाही. कागद खोटा असला तर त्याची किंमत लिहिणारा देत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

आता सरकारकडे वळू. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेल्या दुचाकी आणि मोटारी 'व्हिंटेज' ठरतात. त्यांना 'व्हीए' अक्षरांचा खास क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात आणि ती दहा वर्षे चालते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यापुरतीच. हे सगळे ठीक आहे. मात्र एक अट अशी, की चासी, अंगाचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा.

या अटीमागचा हेतू मला कळतो. तो नसेल तर उद्या कुणीही भंगारातून पुराणवस्तू उभी करील. पण तिचा परिणाम पाहा. या घराने इंजिन बदलले तेव्हा रीतसर परवानगी घेतली, नोंदणीपुस्तकात शिक्क्यासह नोंद करून घेतली. ती खरी नोंदच आज त्यांच्या आड येते. ज्याने बदल लपवला किंवा पाटी बदलली, त्याची गाडी अस्सल ठरायची शक्यता अधिक. खरे लिहिणाऱ्याला बाद करणारा नियम खोट्याला आमंत्रण देतो, हे बँकेत कुणालाही विचारा.

संस्थानिकांच्या मोटारी जशाच्या तशा राहिल्या, कारण त्या बहुतेक वेळ उभ्या होत्या. कोकणातली जीप राबली. राबणाऱ्या वस्तूचे भाग झिजतात, मोडतात आणि मिळेल त्या भागाने सांधले जातात. तिला अस्सलपणाची परीक्षा लावायचीच असेल तर ती वेगळी हवी: कोणता भाग कुठला, कधी आला, का आला, हे सांगता येते का? अशा सांधलेल्या गाड्यांसाठी नियमांत आणखी एक वर्ग असावा. भागांची खरी यादी दिली, चासीच्या नंबराला हात लावलेला नाही हे तपासून घेतले, की नोंदणी मिळावी. आणि यादीत खोटे निघाले तर ती रद्द व्हावी. यात सरकारचे काही जात नाही.

तोपर्यंत ज्यांच्या पडवीत अशी गाडी आहे त्यांनी एक वही घालावी. तीन रकाने पुरेत: भाग, त्याचे मूळ, आणि ते कशावरून ओळखले. खात्री असेल तिथे 'निश्चित' लिहावे, नसेल तिथे 'बहुधा', आणि काहीच कळले नाही तर तसे लिहायला लाजू नये. हे घाईने करायला हवे, कारण सांगणारी माणसे चालली आहेत. चाचांच्या मनगटातले तीन दशांश मिलिमीटर कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नाहीत.

आम्ही त्या जीपची वही केली. एकेचाळीस नोंदी झाल्या, त्यांतल्या नऊ 'बहुधा' आणि चार कोऱ्या. चासीवरचा नंबर गंजाने खाल्ला होता. पेन्सिल घासली तेव्हा शेवटचे तीनच आकडे उमटले. तेवढाच ठसा वहीत चिकटवला, उरलेली जागा मोकळी ठेवली. मुंबईच्या माणसाला वही दाखवली तेव्हा त्याने पहिल्या बोलीच्या निम्म्याहूनही कमी आकडा सांगितला. मुलाने रात्रभर विचार केला आणि सकाळी मला फोन केला.

"काका, विकत नाही. गोठ्यातला दांडा मात्र वहीत लिहायचा राहिलाय. तो कुठला धरायचा?"

"फोर्डचा असेल," मी म्हणालो. "पण आधी घासून बघ. 'एफ' दिसला तरच निश्चित लिही."