‘पासआउट’ म्हणजे बेशुद्ध? एका हेटाळलेल्या शब्दाची कुळकथा

‘मी २०२१ चा पासआउट’ असे एखादा विद्यार्थी म्हणाला, की इंग्रजीचे स्वयंघोषित पहारेकरी विचारतात, ‘मग शुद्धीवर केव्हा आलास?’ ‘पास आउट’ म्हणजे मूर्च्छा येणे आणि पदवी मिळाली तर ‘ग्रॅज्युएट’च म्हणावे, असा त्यांचा दंडक. तालुक्याच्या गावाहून मुलाखतीला आलेल्या मुलाच्या वाट्याला हा विनोद येतो, तेव्हा तो निरुपद्रवी राहत नाही. इतिहासाच्या कसोटीवर तर तो टिकतच नाही.

मूर्च्छेचा अर्थ खरा आहे. पण एकमेव नाही. लष्करी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणे, हा अर्थ ब्रिटिश इंग्रजीच्या कोशांत आजही नोंदलेला आढळतो. आपण ज्याला दीक्षान्त संचलन म्हणतो, ती ‘पासिंग आउट परेड’ याच अर्थावर उभी आहे. देहरादूनची भारतीय सैनिकी अकादमी १९३२ मध्ये सुरू झाली आणि तिची पहिली तुकडी डिसेंबर १९३४ मध्ये ‘पासआउट’ झाली. त्या एकाच तुकडीत सॅम माणेकशॉ, मुहम्मद मुसा आणि स्मिथ डन होते. पुढे हे तिघे अनुक्रमे भारत, पाकिस्तान आणि ब्रह्मदेश यांच्या सैन्यांचे प्रमुख झाले. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून पहिल्या १७ महिला कॅडेट बाहेर पडल्या, तेव्हाही वृत्तपत्रांनी हाच शब्द वापरला. कोणालाही हसू आले नाही. हसू येते ते केवळ मुलाखतीच्या खोलीत!

नागरी महाविद्यालयांत हा शब्द इतका का रुजला? छावणीचा प्रभाव असेलच. पण परीक्षापद्धतीचा वाटा त्याहून मोठा मानावा लागतो. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होती. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांकडे होते. १८६२ मध्ये रानडे, भांडारकर पहिले पदवीधर झाले, ते हीच परीक्षा ओलांडून. जिथे सारे शिक्षण ‘पास’ या एका शब्दाभोवती फिरते, तिथे बाहेर पडण्यालाही तोच शब्द चिकटला, यात नवल ते काय?

व्युत्पत्तीची गंमत तर पुढेच आहे. ‘पास’चे मूळ लॅटिन ‘पासुस’, म्हणजे पाऊल. ‘ग्रॅज्युएट’चे मूळ ‘ग्रादुस’. त्याचाही अर्थ पाऊल, पायरी. देहरादूनचे कॅडेट संचलनाच्या अखेरीस जी रेषा ओलांडतात, तिचे नाव ‘अंतिम पग’. पहारेकरी एका पावलाच्या जागी दुसरे पाऊल ठेवायला सांगत आहेत, इतकेच.

अमेरिकेत मात्र हा अर्थ प्रचलित नाही. तिथल्या विद्यापीठाला अर्ज करताना ‘ग्रॅज्युएट’ लिहिणे सोयीचे. पुण्यात किंवा परभणीत त्याची सक्ती करण्याचे कारण नाही.