खोका आपला, मर्जी त्यांची



१९६८च्या 'कार्टरफोन' निकालाने अमेरिकेत टेलिफोनच्या तारेला इतर कंपन्यांची यंत्रं जोडायची मुभा मिळाली आणि पुढे घरोघरी मोडेम पोचले. टीव्हीच्या नशिबी ते नव्हतं. केबलचे खोके खुले करण्याचा एफसीसीचा २०१६चा प्रस्ताव मतदानाविनाच बारगळला.

इंटरनेट टीव्हीतही तीच रड! एचबीओ मॅक्स मे २०२० मध्ये सुरू झालं, पण रोकूवर त्याचं अ‍ॅप यायला डिसेंबर उजाडला. अडचण तांत्रिक नव्हती. दोन कंपन्यांचा सौदा जमत नव्हता.

ईमेल कुठूनही कुठेही जाते, कारण तिची मानकं खुली आहेत. टीव्हीसाठीही तीच हवीत. पैसे मोजून घेतलेल्या खोक्यात काय दिसावं, हे दुकानदाराने का ठरवावं? आपल्यातले कितीतरी जण अशाच कंपन्यांत सॉफ्टवेअर लिहितात. निदान तिथे तरी हा प्रश्न विचारा!