बाजारातल्या ‘एअर इनटेक’ने ट्रकची ताकद वाढत नाही



कंपनीचा एअर फिल्टर काढून बाजारातले ‘जास्त हवा देणारे’ एअर इनटेक बसवले, की ट्रक चढणीला जोरात ओढतो आणि डिझेलही वाचते, असे अनेक गॅरेजवाले छातीठोकपणे सांगतात. एक-दोन गाड्यांवर संसार चालवणारा मालक त्यावर विश्वास ठेवतो आणि पैसे मोजतो. मूळ स्थितीतल्या टर्बो डिझेल ट्रकपुरता तरी हा दावा खोटा आहे.

डिझेल इंजिनाची ताकद ठरते ती सिलिंडरमध्ये किती डिझेल फवारले जाते यावर. आजच्या इंजिनात ते प्रमाण ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो आणि टर्बोचा दाबही त्याच्याच ताब्यात असतो. हवेची वाट मोकळी केल्याने टर्बोचे काम थोडे हलके होईल. पण डिझेल तेवढेच राहिले, तर चाकांवर जादा ताकद येणार कुठून?

मुळात अडथळा असतो तरी किती? अनेक टर्बो डिझेल इंजिनांत सुमारे २५ इंच पाण्याइतका अडथळा झाला, की फिल्टर बदलायला सांगतात. वातावरणाचा दाब याच मापात सुमारे ४०७ इंच भरतो. म्हणजे बदलायला आलेला फिल्टरही जेमतेम ६ टक्के दाब खातो, नवा त्याहून बराच कमी. आता दुसरी बाजू पाहा. कंपनी हवेचे तोंड केबिनच्या मागे उंचावर ठेवते, कारण तिथली हवा थंड आणि कमी धुळीची असते. उघडा फिल्टर इंजिनाशेजारी बसवला आणि ४० अंशांऐवजी ७० अंशांची हवा आत गेली, तर तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. वाचवायला निघालो त्याहून जास्त गमावले.

मग ‘फरक पडला’ असे चालक का सांगतात? बहुतेक वेळा जुना, चोंदलेला फिल्टर निघालेला असतो. त्या जागी कंपनीचा नवा फिल्टर टाकला असता, तरी गाडी तशीच ओढली असती. शिवाय उघड्या फिल्टरमुळे टर्बोची शिट्टी मोठ्याने ऐकू येते आणि आवाज वाढला, की जोर वाढल्यासारखा वाटतो.

खरे नुकसान धुळीचे आहे. एक लिटर डिझेल जाळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते, प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. खडी क्रशरच्या किंवा उसाच्या फडाच्या रस्त्यावर या हवेतून किती माती येत असेल, याचा विचार करावा. हवा सहज जावी म्हणून सैल केलेली जाळी बारीक धूळही सहज सोडते. ती धूळ टर्बोची पाती, लायनर आणि रिंगा घासते. रिंगा गेल्या, की इंजिन ऑइल जाळते आणि बीएस-६ गाडीत त्याची राख डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साचते. दोन-पाच हजारांच्या हौसेपायी इंजिनकाम अंगावर येते.

टर्बो, इंजेक्टर आणि ईसीएमची मांडणी बदललेल्या शर्यतीच्या गाडीला मोठे इनटेक लागते, हे मान्य. पण तो हिशेब माल वाहणाऱ्या ट्रकला लावू नये.

विक्रेत्यांकडे माझी मागणी साधी आहे. त्याच गाडीवर कंपनीचा नवा फिल्टर आणि तुमचे इनटेक, असे दोन्ही लावून डायनोवरचे, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचे, आकडे दाखवा. आयएसओ ५०११ चाचणीत तुमचा फिल्टर किती धूळ अडवतो, तेही छापा. हे दोन कागद मिळेपर्यंत ट्रकमालकांनी खिशात हात घालू नये.

तोपर्यंत करण्यासारखे बरेच आहे. फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारणे बंद करा, त्याने कागद फाटतो आणि डोळ्यांना दिसतही नाही. फिल्टरच्या इंडिकेटरने सांगितले, की चांगल्या प्रतीचा फिल्टर टाका. होस पाइप, क्लॅम्प आणि इंटरकूलरचे सांधे तपासा. गाडी ओढत नसेल, तर दोष बहुधा इथेच सापडतो आणि तो काढायला खर्चही थोडाच येतो.

आपला,
एक ट्रकमालक, कळंबोली