सेवेचा मोबदला कोण मागणार?

व्यावसायिक संघटनांच्या निवडणुकांकडे वृत्तपत्रांचे सहसा लक्ष जात नाही. वकिलांच्या किंवा डॉक्टरांच्या परिषदेची निवडणूक असेल तर निदान चार ओळी छापून येतात. समाजकार्याची पदवी घेतलेल्यांच्या संघटनेने नवे कार्यकारी मंडळ निवडले तर तेवढ्याही येत नाहीत. निकाल जाहीर होतो, नव्या पदाधिकाऱ्यांचा पुष्पगुच्छ देऊन सत्कार होतो, अध्यक्ष आपल्या भाषणात व्यवसायाला कायदेशीर मान्यता मिळवून देण्याचा संकल्प सोडतात आणि चहापानानंतर सभा विसर्जित होते. गेली तीस-पस्तीस वर्षे हा संकल्प चालत आला आहे. तो चुकीचा आहे असे प्रस्तुत लेखकाला म्हणावयाचे नाही. त्याचा क्रम चुकला आहे, एवढेच म्हणावयाचे आहे. निवडून आलेल्यांनी आधी वेतनाचा आणि सेवाशर्तींचा प्रश्न हाती घ्यावा, मान्यतेची नोंदवही मागाहून उघडावी.

हा क्रम का चुकला, याचे उत्तर एका शब्दात सापडते. ‘सेवा’ हा शब्द महाराष्ट्रात फार उंच आसनावर बसलेला आहे. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला तेव्हा त्यात येणाऱ्यांनी संस्था देईल त्या अल्प निर्वाहवेतनात समाधान मानण्याची शपथ घेतली. पुण्याचे सेवासदन, ना. म. जोशी यांची मुंबईतील सोशल सर्व्हिस लीग ही त्याच काळातील कामे. त्या पिढीच्या त्यागाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले आणि नागपाड्याच्या वस्तीत काम केलेले क्लिफर्ड मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले, तेव्हापासून एका वेगळ्याच गोष्टीला आरंभ झाला होता. व्रत म्हणून चालणारे काम आता शिकून, परीक्षा देऊन, उपजीविकेसाठी करण्याचे काम झाले. पुढे १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन, १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आणि त्यानंतर विदर्भ-खानदेशापर्यंत जिल्ह्याजिल्ह्यांत समाजकार्याची महाविद्यालये उभी राहिली. त्यांतून बाहेर पडणारा तरुण बहुधा शेतमजुराचा, शिपायाचा, प्राथमिक शिक्षकाचा मुलगा असतो, किंवा मुलगी असते. घरातील कर्ज फेडायचे म्हणून त्याने एम.एस.डब्ल्यू. केलेले असते. गोखल्यांच्या अनुयायांनी शपथ स्वखुशीने घेतली होती. या मुलाला ती कोणी विचारलेलीही नाही, मात्र तिचे पालन त्याच्याकडून अपेक्षिले जाते.

या अपेक्षेला आपल्या प्रशासकीय भाषेने एक सोयीस्कर नाव देऊन ठेवले आहे : मानधन. ‘वेतन’ म्हटले की वेतनश्रेणी आली, रजा आली, भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान आले. ‘मानधन’ म्हटले की यांपैकी काहीच येत नाही. उलट घेणाऱ्याने देणाऱ्याचे उपकार मानावेत असा सूर लागतो. पाहुण्या व्याख्यात्याला द्यावयाच्या रकमेचे हे नाव सकाळी नऊपासून सायंकाळी सहापर्यंत राबणाऱ्या माणसाच्या पगाराला कसे चिकटले, हा भाषाशास्त्रापेक्षा अर्थशास्त्राचा विषय आहे. अंगणवाडी सेविकांच्या बाबतीत हे शब्दच्छल चालू देण्यास सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये नकार दिला. त्यांना मिळते ते मानधन आहे, वेतन नव्हे, हा बचाव अमान्य करून त्यांना उपदानाचा हक्क आहे असा निर्णय न्यायालयाने दिला. अंगणवाडी सेविकांनी हे मिळविले ते संघटनेच्या आणि मोर्च्यांच्या बळावर. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या समाजकार्यकर्त्यांच्या नावावर असा एखादा निकाल का नाही, हा प्रश्न नव्या मंडळाने स्वतःला विचारावा.

आपल्याकडे या व्यवसायाला पाय रोवायला जागा कशी मिळाली, हेही पाहण्यासारखे आहे. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. आजही शासकीय रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ हे मंजूर पद असते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमण्याची सक्ती केली, आणि या एका कलमावर समाजकार्याच्या पदवीधरांच्या दोन पिढ्यांचे संसार चालले. नव्या श्रमसंहितेत ही मर्यादा अडीचशे कामगारांवर आणली आहे. म्हणजे व्यवसायाला प्रतिष्ठा आली ती कोणत्या परिषदेने दिलेल्या प्रमाणपत्रामुळे नव्हे. कायद्याने पद निर्माण झाले, पदाला वेतनश्रेणी आली आणि वेतनश्रेणीच्या मागोमाग प्रतिष्ठा आली. ती ओसरू लागली तीही याच मार्गाने, उलट दिशेने. मंजूर पदांची जागा प्रकल्पांनी घेतली, आणि प्रकल्पाला मुदत असते.

ही मुदत बहुधा मार्चअखेर संपते. फेब्रुवारीपासून समुपदेशकाचे चित्त कामात राहत नाही. करार पुन्हा होईल की नाही, झालाच तर अकरा महिन्यांचा की सहा, मधल्या काळातले पैसे मिळतील की नाही, याचे गणित तो मांडीत असतो. जरा बरी जागा दिसली की तो जातो, आणि त्याने जाऊ नये असे कोणत्या तोंडाने सांगावे? परंतु हानी त्याची एकट्याची होत नाही. नवऱ्याच्या मारहाणीविषयी चार महिन्यांनंतर प्रथमच बोलू लागलेली स्त्री एप्रिलमध्ये येते तेव्हा त्या खुर्चीवर दुसरेच कोणी बसलेले असते आणि तिला पहिल्यापासून सारे सांगावे लागते. पुष्कळदा ती सांगत नाही. पुन्हा येतच नाही. कारखान्यात कामगार वारंवार बदलले तर त्याचा खर्च मालकाच्या हिशेबात दिसतो. येथे तो खर्च ज्या व्यक्तीवर पडतो तिचा हिशेब कोणत्याच वहीत नसतो. सेवाशर्तींचा प्रश्न हा केवळ नोकरदारांच्या स्वार्थाचा प्रश्न नव्हे असे म्हणण्याचे कारण हेच आहे.

अशा वेळी कायद्याने एक दार बंद केले आहे, आणि त्याविषयी समाजकार्याच्या वर्तुळात पुरेशी चर्चा झाल्याचे दिसत नाही. १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘उद्योग’ या संज्ञेचा अर्थ इतका व्यापक केला की रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि बऱ्याच धर्मादाय संस्थाही तिच्या कक्षेत आल्या. १९८२ मध्ये संसदेने दुरुस्ती करून या संस्थांना वगळले खरे, पण ती दुरुस्ती कधीच अमलात आणली गेली नाही. आता २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून, पूर्णतः किंवा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक अथवा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांनी चालविलेल्या संस्था ‘उद्योग’ नव्हेत असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. परोपकार करणाऱ्या संस्थेत नोकरी करणे हाच नोकरी गमावण्याच्या वेळी एक तोटा ठरावा, ही मोठी चमत्कारिक स्थिती आहे. नव्या मंडळाला कायदेविषयक काम हवे असेल तर ते येथे पडलेले आहे.

आता नोंदणीच्या मागणीकडे वळू. ती समजण्यासारखी आहे. वकिलाला सनद लागते, परिचारिकेला नोंदणी लागते, मग दुभंगलेल्या कुटुंबांत आणि भेदरलेल्या मुलांत काम करणाऱ्याला काहीच का लागू नये? १९९३ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत राष्ट्रीय परिषदेच्या विधेयकाचा मसुदा तयार झाला. त्याचा कायदा झाला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात आणि २०२१ च्या आरोग्य व्यवसायांच्या आयोगाच्या कायद्यात रुग्णालयांशी संबंधित समाजकार्यकर्त्यांना स्थान मिळाले, बाकीचे बाहेरच राहिले. परंतु नोंदणीने पगार वाढेल ही जी आशा आहे ती अर्थशास्त्राच्या कसोटीला फारशी उतरत नाही. पुरवठा आखडला की किंमत वाढते हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते, पण खरेदीदाराला त्याच मालाची निकड असेल तरच. नोंदणीकृत समाजकार्यकर्ता महाग पडतो असे दिसताच संस्था त्या पदाला ‘समन्वयक’ म्हणेल, ‘प्रकल्प सहायक’ म्हणेल, आणि बारावी झालेल्या मुलीला त्याच खुर्चीवर निम्म्या पैशांत बसवील. हे आजही होत नाही असे नाही. सक्तीचे पद नसताना नोंदणी करणे म्हणजे रिकाम्या शेताला कुंपण घालणे होय.

शिवाय कुंपणातून आत कोण येतो हाही प्रश्न आहे. अमेरिकेत सात संघटना एकत्र येऊन १९५५ मध्ये समाजकार्यकर्त्यांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला, आणि पुढे सर्व राज्यांत परवान्याची पद्धत रूढ झाली. परवान्याची परीक्षा घेणाऱ्या मंडळाने २०२२ मध्ये निकालांचे आकडे प्रथमच वंशवार प्रसिद्ध केले. २०१८ ते २०२१ या काळात चिकित्सा-समाजकार्याच्या परीक्षेत पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण गोऱ्या उमेदवारांत शेकडा सुमारे ८४ आणि कृष्णवर्णीयांत सुमारे ४५ होते. २०२३ मध्ये राष्ट्रीय संघाला या परीक्षांना विरोध जाहीर करावा लागला. ज्या देशात दलित-आदिवासी वस्त्यांतले उत्तम कार्यकर्ते पुष्कळदा पदवीवाचून घडलेले आहेत, तेथे हे आकडे समोर ठेवूनच मसुद्याचे पहिले कलम लिहावे.

इंग्लंडने या गुंत्याची उकल कामे वाटून केली. नोंदणी आणि शिस्त यांसाठी स्वतंत्र वैधानिक संस्था (२०१९ पासून ती ‘सोशल वर्क इंग्लंड’ या नावाने काम करते), ज्ञान आणि नीती यांसाठी १९७० मध्ये स्थापन झालेला व्यावसायिक संघ, आणि पगारासाठी २०११ मध्ये त्या संघाच्याच पुढाकाराने निघालेली कामगार संघटना. आपल्याकडे ही तिन्ही कामे एकाच निर्वाचित मंडळाच्या माथी येतात. मंडळ मग सर्वांत सभ्य दिसणारे काम निवडते : परिसंवाद भरविते. ॲडम स्मिथने १७७६ मध्येच बजावून ठेवले होते की एका धंद्यातले लोक एकत्र जमले की बोलणे भाववाढीच्या कटाकडे वळते. स्मिथचे हे निदान खोटे पाडणारा एकच धंदा असावा; समाजकार्यकर्ते इतकी वर्षे एकत्र जमत आहेत आणि भावाचा विषय निघाला की संकोचून खाली पाहत आहेत.

संकोचाचे आणखी एक कारण अशा मंडळांच्या रचनेत आहे. त्यांवर प्राध्यापकांचा भरणा पुष्कळ असतो. प्रस्तुत लेखकही प्राध्यापकच असल्यामुळे हे थोडे अधिकाराने सांगतो की ज्याला वेतन आयोग लागू आहे त्याला मानधनाची झळ पुस्तकातूनच कळते. बालन्यायाच्या २०१५ च्या कायद्याचे उदाहरण घ्यावे. बालन्याय मंडळावर एका दंडाधिकाऱ्याबरोबर दोन ‘समाजकार्यकर्ते’ असावेत असे तो सांगतो. त्यांची पात्रता ठरविताना बालकांच्या क्षेत्रातील सात वर्षांचा अनुभव, किंवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र अथवा कायदा यांची पदवी घेतलेला व्यावसायिक असे पर्याय देतो. समाजकार्यकर्त्याच्या पात्रतेत समाजकार्याची पदवी नाही! त्याच कायद्यातील बालकल्याण समितीच्या कलमात मात्र ती आहे. त्या मंडळांसमोर रोज उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्यांचे संघटनेत वजन असते, तर हे कलम एवढी वर्षे तसेच राहते ना.

म्हणून निवडून आलेल्यांनी पहिल्या बैठकीत आपल्या मतदारयादीकडे पाहावे. जेथे आजीव सभासदत्वाची एकरकमी वर्गणी हेच मतदानाचे दार आहे, तेथे अकरा महिन्यांच्या करारावरचा माणूस दारातच अडतो. त्याची वर्गणी त्याच्या प्राप्तीच्या प्रमाणात वार्षिक ठेवावी, गडचिरोलीच्या कार्यकर्त्याला मुंबई-दिल्लीला न येता मत देता यावे, आणि मंडळावरील निदान तिसरा हिस्सा जागा कंत्राटी कार्यकर्त्यांसाठी राखाव्यात. संघटनेच्या पत्रिकेत छापण्यासाठी येणाऱ्या नोकरीच्या जाहिरातींत रक्कम, मुदत आणि भविष्यनिर्वाह निधी यांचा उल्लेख नसेल तर ती जाहिरात परत पाठवावी. याला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. ज्यांच्यासाठी हे काम चालते त्या स्त्रियांना आणि मुलांना कार्यकर्त्याविरुद्ध तक्रार करता येईल असा एक पत्ताही त्याच पत्रिकेत छापावा, कारण त्यांना या निवडणुकीत मत नाही. आणि येत्या एप्रिलमध्ये आपल्या सभासदांपैकी किती जणांचे करार पुन्हा झाले, किती जणांचे झाले नाहीत आणि त्यांच्या जागी कोण, किती रकमेवर आले, याची जिल्हावार मोजणी करून ती मे महिन्याच्या अंकात प्रसिद्ध करावी.