तक्त्याला धार नसते

घडीच्या चाकूंबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, पण बघतात मात्र खूप जण. 'व्हिक्टोरीनॉक्स की ओपिनेल', 'कोणतं स्टील बेस्ट', 'या बजेटमधले टॉप टेन' असले व्हिडिओ रात्री दोन वाजता डोळे ताणून बघणारी माझ्या वयाची बरीच मंडळी मला माहीत आहेत. चाकूने कापायचंय काय, असं त्यांना विचारलं तर उत्तर येतं, 'कुरिअरची खोकी.' अरे बाबा, खोक्याची चिकटपट्टी फाडायला घराची किल्लीसुद्धा पुरते. पण नाही. तक्ता उघडायचाच. स्टील, कडकपणा, वजन, लॉक, किंमत, स्टार. शेवटी एक जण जिंकणार, बाकीचे हरणार आणि खाली कॉमेंटमध्ये दोन्ही बाजूंचे भक्त एकमेकांची अक्कल काढणार.

माझं भांडण या तक्त्याशी आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आकड्यांवरच माझं पोट चालतं, त्यामुळे आकड्यांचा मला तिटकारा नाही. पण कुठला आकडा कशाचं माप आहे हे न बघता रांगा लावणं मला सहन होत नाही. ब्रँडच्या या तुलनेत चाकूबद्दलच्या तीन महत्त्वाच्या गोष्टी बेमालूम गायब होतात: तो काय कापतो, त्याला धार कोण लावतं आणि तो बनवतं कोण.

सुरुवात स्टीलपासून करू, कारण तक्त्यातली सगळ्यात मानाची ओळ तीच. रॉकवेल मापावर ६१ आकडा दिसला की 'वा!', ५६ दिसला की 'मऊ आहे यार'. व्हिक्टोरीनॉक्सचं मोठं पातं ५६च्या आसपास असतं, म्हणून ते हमखास खालच्या पायरीवर जातं. जणू शंभरहून जास्त वर्षं चाकू बनवणाऱ्या कंपनीला पोलाद कडक करता येत नाही! त्याच चाकूतला स्क्रूड्रायव्हर ५२च्या आसपास असतो आणि आतली स्प्रिंग ४९च्या. म्हणजे एकाच चाकूत कडकपणाच्या तीन वेगळ्या पातळ्या मुद्दाम ठेवलेल्या आहेत. स्क्रूड्रायव्हरला पीळ सोसायचा असतो, तो फार कडक केला तर टोक तुटेल. स्प्रिंगला हजारो वेळा वाकून परत जागेवर यायचं असतं. पात्याला खिशातला घाम, लिंबाचा रस आणि निष्काळजी मालक हे सगळं सोसून घरच्या घरी पुन्हा धार घेता आली पाहिजे. पोलादात कडकपणा, चिवटपणा आणि गंजाला तोंड देण्याची ताकद या तिघांची कायम ओढाताण चालते. एकीला जास्त दिलं की दुसरीचं कमी होतं. ५६ हा त्या ओढाताणीतून निघालेला निर्णय आहे. तक्त्यात मात्र तो फक्त कमी मार्कांसारखा दिसतो.

'पण धार किती टिकते ते तर मोजता येतं ना?' येतं की. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या कॅट्रा या संस्थेची चाचणी त्यासाठी प्रसिद्ध आहे. यंत्रात पातं बसवतात आणि ते सिलिकाचे, म्हणजे बारीक वाळूसारखे कण मिसळलेला कागद पुन्हा पुन्हा कापत राहतं. ठरावीक फेऱ्यांत किती कागद कापला गेला, तो आकडा. चाचणी प्रामाणिक आहे, एकसारखी आहे, उपयोगी आहे. पण तिने मोजलं ते हेच की हे पातं वाळूमिश्रित कागद किती कापतं. तुम्ही कापणार पेरू, दोरी, फार तर औषधाचं पाकीट. शिवाय तेच पोलाद धारेच्या वेगळ्या कोनात घासून त्याच यंत्रात घातलं, तर आकडा बदलतो. धारेमागचं पोलाद किती पातळ आहे, हे स्टीलच्या नावाइतकंच, कित्येकदा त्याहून जास्त महत्त्वाचं असतं. ओपिनेलचं साधं कार्बन स्टीलचं पातळ पातं टोमॅटोतून ज्या सहजपणे जातं, ते जाडजूड महागड्या 'सुपर स्टील'ला जमत नाही. तिथे टोमॅटो कापला जात नाही, दुभंगतो.

मोबाइलच्या जगात हा खेळ आपण पाहिलेला आहे. बेंचमार्कचं ॲप सुरू झालंय हे ओळखून तेवढ्यापुरता प्रोसेसर पळवणारे फोन येऊन गेले, पकडलेही गेले. माप हेच ध्येय झालं की माप म्हणून त्याची किंमत संपते. चाकूच्या बाजारातही आज तेच चाललंय. गिऱ्हाईक स्टीलचं नाव वाचून पैसे देतं, मग पात्यावर ते नाव मोठ्या अक्षरांत कोरलं जातं. पात्याची जाडी कोण कोरणार?

आता धारेकडे येऊ. ज्या पोलादात व्हॅनेडियम भरपूर असतं, त्यात व्हॅनेडियम कार्बाइडचे कण तयार होतात. धार टिकते ती त्यांच्यामुळे. पण हे कण धार लावायच्या नेहमीच्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही कडक असतात. त्यामुळे अशा पात्याला नीट धार लावायची तर हिऱ्याचे कण बसवलेली पट्टी लागते, कोन सांभाळायची सवय लागते आणि वेळ लागतो. सायकलच्या चाकावर दगड फिरवत गल्लीत 'धारऽऽवाला' अशी हाळी देणाऱ्या माणसाच्या हातात तो चाकू देऊन उपयोग नाही. याउलट ५६ कडकपणाचं पातं तुमची आजी कपाच्या बुडाच्या खरबरीत कडेवर चार वेळा घासून कामाला लावेल. तिने विळीपासून सुरीपर्यंत सगळ्याला आयुष्यभर तसंच जागतं ठेवलंय. धार संपणार हे तिला ठाऊक असतं, ती परत आणायची कशी हेही ठाऊक असतं. आपण मात्र 'धार किती टिकते' एवढंच विचारतो. त्या प्रश्नाच्या पोटात एक गृहीतक आहे: ती गेली की चाकू संपला, पुढचा घ्या. ते गृहीतक कुणाच्या फायद्याचं आहे हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

जागा बदलली की विजेताही बदलतो, याचा तर तक्त्याला पत्ताच नसतो. ओपिनेल हा फ्रान्सच्या साव्वा भागातल्या डोंगरातला चाकू. जोसेफ ओपिनेलने तो १८९० मध्ये बनवला. लाकडी मूठ, पातं, एक खिळा, एक धातूची कडी, आणि १९५५ पासून पातं अडकवून ठेवणारं एक फिरतं कडं. झाले भाग पाच. इतका थोडक्यात आटपलेला दुसरा चाकू दाखवा. पण तो जुलैत रत्नागिरीला नेला, तर लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगतं आणि पातं मुठीत आवळून बसतं, नखाने ओढून उघडत नाही. कार्बन स्टीलवर कैरी चिरली तर पातं काळवंडतं. ओपिनेल वाईट आहे का? अजिबात नाही. त्याला आपला पावसाळा माहीत नाही, एवढंच. स्टेनलेस पात्याचा घ्या, मुठीला तेल चोळा, बात संपली. पण ही माहिती 'पाचपैकी ४.३ स्टार'मध्ये कुठे बसवणार?

तिसरी गोष्ट माणसांची, आणि माझा खरा राग तिथे आहे.

'स्विस आर्मी नाइफ' म्हणजे व्हिक्टोरीनॉक्स असं आज आपण धरून चालतो. पण स्विस सैन्याने घेतलेले पहिले चाकू जर्मनीतल्या झोलिंगनला बनले होते, कारण एवढी मोठी ऑर्डर पुरी करेल असा कारखाना तेव्हा देशात नव्हता. ते कार्ल एल्सेनरच्या मनाला लागलं. श्वीत्स प्रांतातल्या ईबाख गावात त्याने १८८४ मध्ये कारखाना काढला होता. १८९१ मध्ये त्याने सैन्याला पहिले चाकू पुरवले. पुढे जुरा भागातल्या डेलेमाँची वेंगर ही कंपनीही मैदानात आली. एक जर्मन भाषिक मुलखातली, दुसरी फ्रेंच. ब्रँडयुद्धाला याहून चांगला मसाला कुठला?

तेव्हा स्विस सरकारने काय केलं? १९०८ मध्ये ऑर्डर अर्धी अर्धी वाटून टाकली. 'बेस्ट कोण' या प्रश्नाचं उत्तर देण्याचंच त्याने टाळलं. दोन्ही मुलखांत काम राहिलं, दोन्हीकडे कारागीर राहिले, एका पुरवठादारावर सैन्य अवलंबून राहिलं नाही. पुढची जवळपास शंभर वर्षं एक स्वतःला 'ओरिजिनल' म्हणवत राहिली आणि दुसरी 'जेन्युइन'. दोघी खऱ्याच होत्या. वेंगरच्या कात्रीची पाती किंचित दातेरी होती, हाताला बसणारी वळणदार मूठही तिचीच. या स्पर्धेतून चाकू सुधारला तो एकीला संपवायची घाई कुणी केली नाही म्हणून.

संपवलं ते बाजाराने. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानात चाकू नेणं बंद झालं, विमानतळावरच्या दुकानांतली विक्री आटली, आणि वेंगर कोलमडायच्या बेताला आली. २००५ मध्ये व्हिक्टोरीनॉक्सने ती विकत घेतली. डेलेमाँचा कारखाना चालू ठेवला, हे तिचं श्रेय. पण २०१३ मध्ये वेंगर नावाचे चाकू बंद करायचं ठरलं. आता ते नाव घड्याळांवर आणि बॅगांवर दिसतं. वळणदार मूठ अजून मिळते, व्हिक्टोरीनॉक्सच्या नावाने. तक्ता पूर्ण झाला, कारण तुलना करायला समोर कुणी उरलंच नाही. 'एकच विजेता' या हट्टाचा शेवट असाच होतो. गिऱ्हाइकाची निवड सोपी होते म्हणजे ती कमी होते.

दुसरी गोष्ट लायोल गावाची. दक्षिण फ्रान्समधल्या या छोट्या गावाच्या नावाचा चाकू एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. सडपातळ, मधमाशीची खूण मिरवणारा. तुलनेच्या व्हिडिओत 'ओपिनेल विरुद्ध लायोल' असा सामना हमखास लावतात, आणि तिथेच घोळ होतो, कारण ओपिनेल ही कंपनी आहे आणि लायोल हा चाकूचा घाट आहे. तो कुणीही बनवू शकतं. तिएर शहरात वर्षानुवर्षं बनतो, आशियातल्या कारखान्यांतून स्वस्तातला येतो, आणि लायोल गावातही बनतो. तिन्हींवर नाव तेच. मग तक्त्यातला 'लायोल' नक्की कोणता? भरीस भर म्हणून गावाशी काही संबंध नसलेल्या एका व्यावसायिकाने १९९३ मध्ये 'लायोल' हा ट्रेडमार्क कितीतरी प्रकारच्या मालासाठी नोंदवून टाकला. गाव कोर्टात गेलं आणि २०१२ मध्ये हरलं. तेव्हा चिडलेल्या गावकऱ्यांनी वेशीवरची गावाच्या नावाची पाटीच काढून टाकली! नाव आमचं राहिलं नाही, तर पाटी तरी कशाला? २०१९ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाचा निकाल गावाच्या बाजूने लागला, पण त्यासाठी पाव शतक जावं लागलं.

हे वाचताना कोल्हापुरी आठवली नाही तर नवल. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. तरीही २०२५ मध्ये मिलानच्या रँपवर प्राडाने तसाच घाट 'लेदर सँडल' म्हणून मिरवला, तेव्हा आपण सगळे खवळलो. बरोबरच होतं. पण मग परक्या गावाच्या चाकूला स्टार देताना तो कुणी बनवला हा रकाना आपल्याला का सुचत नाही?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पैसे मोजके असतात, बाजारात नकली माल भरलेला असतो, अशा वेळी तुलना हेच सामान्य गिऱ्हाइकाचं हत्यार. मान्य. लॉक बोटावर मिटतं का, पातं गंजतं का, दुरुस्ती मिळते का, वस्तू अस्सल आहे का, हे कुणी तपासून सांगत असेल तर त्याचे आभारच मानावेत. पण या प्रश्नांची उत्तरं 'हो' किंवा 'नाही' अशी येतात आणि दहा मिनिटांत संपतात. त्यापुढचे तीन तास आपण जे बघतो, ती गिऱ्हाइकाची सावधगिरी नसते. ती करमणूक असते, आणि तिचं बिल शेवटी चौथ्या चाकूच्या रूपाने येतं. आमच्या ऑफिसात एकाच्या ड्रॉवरमध्ये असे चार चाकू आहेत. चारही कोरे. दुपारी सफरचंद कापायची वेळ आली की तो कॅन्टीनमधून सुरी मागवतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. चाकू घ्यायचाच असेल तर आधी कापायचं काय ते ठरवा. धार तुम्हाला स्वतःला लावता येईल असाच घ्या, आणि धार लावायला शिका. एक दगड, पाणी आणि एक रविवार पुरतो. तो कुठे आणि कुणी बनवला ते वाचा. मग वर्षभर वापरा, पात्यावर ओरखडे पडू द्या, मूठ काळी होऊ द्या. त्यानंतर तुम्ही त्या चाकूबद्दल जे सांगाल ते ऐकायला मला आवडेल, मग तो तक्त्यात पहिला असो की सतरावा.